माळ्यावरची दुर्बीण

मध्यमवर्गीय घराच्या माळ्यावर काय काय असते याची यादी केली, तर पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचे मखर आणि बंद पडलेला टेबलफॅन यांच्या जोडीला आताशा एक दुर्बीणही सापडते. मुलाच्या किंवा मुलीच्या दहाव्या-बाराव्या वाढदिवसाला कौतुकाने आणलेली. पहिल्या दिवशी तिच्यातून चंद्र पाहिला, दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाहिली, तिसऱ्या दिवशी आभाळ आले आणि पुढच्या रविवारी खोके माळ्यावर चढले. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : ‘स्वस्तातली होती हो, तिच्यातून काही दिसत नाही.’

हे उत्तर खरे नाही. त्या दुर्बिणीचे भिंग बहुधा साठ किंवा सत्तर मिलिमीटर व्यासाचे असते. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. म्हणजे साठ मिलिमीटरचे भिंग आपल्या डोळ्याच्या सत्तरपटींहून अधिक प्रकाश गोळा करते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूशेजारी तीन ठिपके पाहिले आणि पुढच्या काही दिवसांत चौथाही. त्या वेळी त्याच्या हातातली दुर्बीण जेमतेम वीस पट मोठे दाखवणारी होती. तिचे भिंग साधे होते आणि तारा पाहिला की त्याभोवती रंगांची झालर दिसे. दोन काचा जोडून ही झालर कमी करण्याची युक्ती पुढे अठराव्या शतकात सापडली आणि आज पाच-सात हजारांच्या दुर्बिणीतही ती वापरलेली असते. जिच्याहून कमअस्सल दुर्बिणीने पृथ्वीला विश्वाच्या केंद्रस्थानावरून हलवले, ती आपल्या घरात गाद्यांखाली दबून आहे.

मग काही दिसत नाही, ते का?

पहिला दोष खोक्याचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘५२५ पट’. हा आकडा कसा काढला ते पाहण्यासारखे आहे. दुर्बिणीचे नाभीय अंतर सातशे मिलिमीटर. डोळ्याजवळ लावायचे भिंग, म्हणजे आयपीस, चार मिलिमीटरचा. सातशेला चाराने भागले की १७५. शिवाय तीन पट करणारे एक जोडभिंग खोक्यात असते. ते लावले की झाले ५२५! गणित बिनचूक आहे, पण निसर्गाला ते मान्य नाही. साधारण हिशेब असा की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच चित्र कामाचे राहते. साठ मिलिमीटरला एकशेवीस. त्यापुढे चित्र मोठे होत जाते, पण अंधूक आणि लिबलिबीत. ताकात पाणी घालत गेले की ताक वाढते, ताकपण मात्र जाते, तसलाच हा प्रकार. घरातला उत्साही मनुष्य नेमका पहिल्याच रात्री सर्वांत मोठ्या आकड्याचा जोड लावून बसतो आणि त्याला राखाडी अंधाराखेरीज काही दिसत नाही. खोक्यातला वीस किंवा पंचवीस मिलिमीटरचा आयपीस, जो दिसायला सर्वांत कमी रुबाबदार, तोच खरा कामाचा. त्याने तीस-पस्तीस पट मोठे दिसते आणि सुरुवातीच्या वर्षभराला ते पुरून उरते.

दुसरा दोष तिपाईचा. स्वस्त दुर्बिणीत पैसे वाचवलेले असतात ते बहुतेक तिथेच. नळी ठीक असते. पाय मात्र लटपटतात. हात लागला की गुरू नाचायला लागतो. यावर उपाय खर्चाचा नाही. तिपाईचे पाय पूर्ण लांब करायचे नाहीत, मधोमध विटा किंवा वाळू भरलेली पिशवी टांगायची, आणि उभे न राहता स्टुलावर बसून पाहायचे. बसलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा जास्त दिसते, हे कोणीही अनुभवी निरीक्षक सांगेल. नळीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण रात्री जुळवण्याचा खटाटोप तर करूच नये. दिवसा, दूरच्या मोबाइलच्या मनोऱ्याचे टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणायचे आणि मग शोधकाचे स्क्रू फिरवून त्याच्या फुलीवर तेच टोक आणायचे. एवढे दहा मिनिटांचे काम न केल्यामुळे किती दुर्बिणी माळ्यावर गेल्या असतील कोण जाणे!

चित्र उलटे दिसते म्हणूनही काही जण दुर्बीण बिघडली असे समजतात. आकाशातल्या दुर्बिणीत चित्र उलटे किंवा आरशातल्यासारखे दिसणे हा बिघाड नव्हे. ते सुलटे करायला आणखी काचा घालाव्या लागतात आणि प्रत्येक काच थोडा प्रकाश खाते. चंद्राला वर-खाली काय?

पण खरा दोष वेगळाच आहे आणि तो ना खोक्यात आहे ना तिपाईत. आपण सगळ्यांनी हबल दुर्बिणीची छायाचित्रे पाहिली आहेत. जांभळे-गुलाबी ढग, सोनेरी वलये. ती चित्रे तासन्‌तास प्रकाश साठवून, निरनिराळे फिल्टर लावून केलेली असतात. डोळा प्रकाश साठवत नाही. म्हणून देवयानी तारकासमूहातली प्रसिद्ध दीर्घिका छोट्या दुर्बिणीत पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखी दिसते, राखाडी आणि कडांना विरत गेलेली. ‘एवढेच?’ असे पाहणाऱ्याच्या तोंडून निघते. त्याला त्याच वेळी सांगायला हवे की तू पाहतोस तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर आजच्यासारखा माणूस नव्हता. पंचवीस लाख वर्षे चालून तो आत्ता, या क्षणी, तुझ्या डोळ्यात संपला. छायाचित्रात रंग असतात, पण हा प्रकाश नसतो. हे ज्याला पटले त्याची दुर्बीण माळ्यावर जात नाही.

सुरुवात अर्थातच चंद्रापासून करावी, पण पौर्णिमेच्या नव्हे. कोजागरीला गच्चीवर दूध आटते तेव्हा हौसेने दुर्बिणी काढल्या जातात आणि चंद्र पाहण्यास ती सर्वांत वाईट रात्र असते. सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीत, सगळे सपाट आणि डोळे दिपवणारे. शुक्ल पक्षातील सप्तमी ते दशमी या तिथी उत्तम. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर नजर ठेवावी. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो. विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळेभोर. नवमी-दशमीच्या सुमारास कोपर्निकस हे विवर सीमेवर येते. त्याचा व्यास नव्वद किलोमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे पुणे ते लोणावळा हे अंतर त्यात आरामात मावेल. त्याच्या मधोमध उभे असलेले डोंगर साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीत दिसतात. तासाभराने पुन्हा पाहावे. मघा अंधारात असलेले एखादे शिखर आता ठिणगीसारखे चमकू लागलेले असते. ‘आर्मस्ट्राँगने लावलेला झेंडा दिसेल का?’ हा मुलांचा प्रश्न ठरलेला. नाही दिसणार. या दुर्बिणीला चंद्रावरची चार-एक किलोमीटरची वस्तू जेमतेम ओळखता येते, आणि झेंडा तर हबललाही दिसत नाही.

संकष्टीची रात्रही दुर्बिणीला सोयीची. नऊच्या आसपास इमारतीतली निम्मी माणसे तशीही चंद्राची वाट पाहत गच्चीवर आलेली असतात. उपास सोडण्याआधी प्रत्येकाला अर्धा मिनिट दुर्बिणीला डोळा लावू द्यावा. त्या रात्री चंद्राच्या एका कडेला सावली नुकतीच चढू लागलेली असते आणि तिथली विवरे सुरेख उठून दिसतात.

चंद्रानंतर गुरू. तीस पटींनी तो टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो, पण ताऱ्यासारखा ठिपका नव्हे, चकती. सत्तर पटींनी पाहिले आणि हवा शांत असली तर तिच्यावर दोन तपकिरी पट्टे दिसतात. दोन्ही बाजूंना एका रेषेत चार चंद्र. कधी तीन, कधी दोन. उरलेले कुठे गेले? गुरूच्या मागे, पुढे किंवा त्याच्या सावलीत. इथे घरातल्या मुलांना वही-पेन्सिल द्यावी. रोज रात्री ठरल्या वेळी एक गोल आणि चार ठिपके, एवढेच काढायचे. पंधरवड्यात त्यांच्या लक्षात येते की एक चंद्र फार धावरा आहे. तो आयो, बेचाळीस तासांत गुरूला फेरी मारणारा. याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा चुकतात, पृथ्वी गुरूपासून दूर जाताना ती उशिरा होतात, हे ओल रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने ताडले आणि १६७६ साली जाहीर केले की प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो. शाळेत प्रकाशाचा वेग पाठ करणाऱ्या मुलाला तो वेग कुठून आला हे गच्चीवर दाखवता येते.

१९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा त्याचे काळे डाग छोट्या दुर्बिणींतूनही दिसत होते. आपल्याकडे तेव्हा ऐन आषाढ! महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षकांच्या वाट्याला ढगच अधिक आले. त्याची भरपाई २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी झाली. गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते की दोघेही, आपापल्या चंद्रांसह आणि कड्यांसह, एकाच नजरेत मावत होते. त्यासाठी मोठी दुर्बीण मुळीच लागत नव्हती. उलट लहानीचे विस्तृत दृश्यक्षेत्रच सोयीचे.

शनीबद्दल वेगळे काही सांगायला नको असे वाटते, पण सांगितलेच पाहिजे. त्याची कडी पहिल्यांदा पाहणारा मनुष्य हमखास दुर्बिणीच्या पुढे जाऊन कोणी चित्र चिकटवले आहे का ते पाहतो. तीस-पस्तीस पटींत शनी तांदळाच्या कणीएवढाच असतो, पण कडी स्पष्ट. गॅलिलिओला ती कळली नाहीत. ग्रहाला दोन कान आहेत असे काहीसे त्याला दिसले. त्याचा उलगडा हायगेन्सने १६५९ मध्ये छापून केला. आपल्याकडे या ग्रहाचे नाव काढले की साडेसाती आठवते. शनिवारी तेल वाहणाऱ्या आजींना एकदा दुर्बिणीपाशी बसवावे. त्या वाद घालत नाहीत. ‘अगं बाई, एवढा देखणा आहे?’ म्हणतात, आणि दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहतात.

ग्रह नसतील त्या रात्रीही काम असते. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि शेजारची अरुंधती लग्नात नवऱ्यामुलीला दाखवण्याची चाल आहे. ती जोडी साध्या डोळ्यांनी दिसते. दुर्बीण लावली की वसिष्ठच एकटा नाही असे आढळते : दोन तारे, एकमेकांना खेटून. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला पाहावे. तिथल्या धूसर तेजोमेघाच्या पोटात चार नवे तारे चौकटीत मांडल्यासारखे दिसतात. सरळ न पाहता नजर जराशी बाजूला ठेवली तर हा मेघ अधिक पसरलेला दिसतो, कारण डोळ्याच्या पडद्याची कड मंद प्रकाशाला अधिक तिखट असते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. दुर्बिणीबरोबर येणारी पुस्तके बहुधा युरोप-अमेरिकेच्या आकाशावर लिहिलेली असतात. वृश्चिकाची नांगी तिथे क्षितिजाच्या धुरकटात रुतलेली. आपल्याकडे ती दक्षिणेला चांगली वर येते आणि तिच्याजवळचे तारकागुच्छ छोट्या दुर्बिणीत मूठभर साखर सांडल्यासारखे दिसतात. नरतुरंग समूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ तर लंडनहून कधीच उगवत नाही. पुण्याहून मे महिन्यात, रात्री नवाच्या सुमारास, तो दक्षिण क्षितिजाच्या चोवीस-एक अंश वर असतो. सुमारे एक कोटी तारे, आणि दिसतो मात्र फुंकर मारल्यास उडून जाईल अशा म्हातारीच्या कापसासारखा.

छोट्या दुर्बिणीने केवळ मौजच होते असे नाही. राधागोविंद चंद्र हे बंगालमधल्या जेसोरचे. एन्ट्रन्सची परीक्षा त्यांना अखेरपर्यंत पार करता आली नाही. सरकारी खजिन्यात नाणी तपासण्याची तुटपुंज्या पगाराची नोकरी त्यांनी धरली. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि १९१२ साली इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. म्हणजे आपल्या माळ्यावरच्या दुर्बिणीहून थोडीशीच मोठी. जून १९१८ मध्ये गरुड समूहात एक नवतारा उजळला, तो त्यांनी स्वतंत्रपणे टिपला आणि हार्वर्ड वेधशाळेला कळवले. तिथून त्यांचा संबंध रूपविकारी ताऱ्यांच्या अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेशी आला. तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांकडे रात्र-रात्र पाहून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची आणि आकडा लिहायचा, हे काम दिवसभर कचेरी करून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केले. संघटनेकडे पाठवलेली त्यांची निरीक्षणे सदतीस हजारांहून अधिक भरतात. १९२६ मध्ये संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. वेधशाळेत ज्यांना कोणी शिपायाची जागाही दिली नसती, त्या माणसाच्या नोंदी वेधशाळांच्या कामी आल्या.

दुसरे उदाहरण जॉन डॉब्सन यांचे. सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त सोसायटीच्या मठात ते १९४४ पासून संन्यासी म्हणून राहत होते. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे करीत, पुठ्ठ्याच्या नळीत बसवीत आणि लोकांना आकाश दाखवीत. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारू लागले. तिपाईऐवजी प्लायवूडच्या खोक्यावर डुलणारी, वर-खाली आणि गोल फिरणारी त्यांची साधी बैठक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्यांना आता नवी दुर्बीण घ्यायची आहे त्यांनी टेबलावर ठेवायची अशी छोटी आरशाची दुर्बीण अवश्य पाहावी. लटपटणारे पायच नसल्याने ती त्याच किमतीच्या तिपाईवाल्या दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवते.

आमचे स्पष्ट मत असे की, पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊच नये. आधी मृग, रोहिणी, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा उघड्या डोळ्यांनी ओळखता आली पाहिजेत. मोबाइलवरची आकाशाची ॲप्स त्याला मदत करतात, मात्र पडद्याचा उजेड मंद ठेवावा. अंधाराला सरावलेला डोळा एका झगझगाटाने पुन्हा वीस मिनिटे मागे जातो. मग १०×५० ची द्विनेत्री, आणि मग दुर्बीण. तेही दुकानात जाण्याआधी एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आली आहे. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या काळातले. वांगणीला त्यांनी भरवलेल्या रात्रभराच्या कार्यक्रमांतून आकाश शिकलेली माणसे आज तिशी-चाळिशी ओलांडून आपल्या मुलांना घेऊन जातात. पुण्याच्या आयुकातही आरसा घासून दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. दोन काचांमध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून हाताने घासत बसायचे. अनेक दिवसांचे काम, पण तशी केलेली दुर्बीण कोणी माळ्यावर टाकल्याचे ऐकिवात नाही.

एक धोक्याची सूचना मात्र सर्वांना, विशेषतः पालकांना. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. काही स्वस्त संचांत आयपीसवर बसवायची काळी काच देतात. ती उष्णतेने तडकते आणि डोळा कायमचा जातो. ती काच मुलांच्या हाती लागण्याआधी फेकून द्यावी. सूर्यावरचे डाग पाहायचेच असतील तर शोधकाला टोपण लावून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी.

आणि आकाश? ते दरवर्षी थोडे थोडे आपल्या हातून निसटते आहे. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही हे तर खरेच, पण आता तालुक्याच्या गावातही रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड वर फेकला जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आनंदाची बातमी, पण काळोख जपण्यासाठी वाघांच्या जंगलात जावे लागावे, हे काही चांगले लक्षण नव्हे. त्यातल्या त्यात समाधान इतकेच की चंद्र, गुरू, शनी यांना शहराच्या उजेडाची फारशी पर्वा नसते. दादरच्या गच्चीवरूनही कडी दिसतात. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब निवेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत थांबावे, इतकेच. खोलीतून खिडकीच्या काचेआडून मात्र पाहू नये.

माळ्यावरून दुर्बीण काढली की भिंगावर धूळ दिसेल. ती पंचाच्या टोकाने पुसण्याचा मोह आवरावा. मऊ ब्रशने हलके झटकावी, बस्स. खरा शत्रू धूळ नव्हे, बुरशी. जून ते सप्टेंबर भिंगे आणि आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. गणपती गेले, आभाळ निवळले, की बाहेर काढावेत. पुढची काही वर्षे नवरात्र-दिवाळीच्या सुमारास शनी संध्याकाळी पूर्वेकडे असेल. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी पृथ्वीवरून बरोबर काठाने दिसण्याच्या स्थितीत आली होती, नुसती रेघ. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील, ती थेट २०३२ च्या आसपासपर्यंत. यंदा दिवाळीत पाहून ज्या मुलीने वहीत पेन्सिलीने शनी काढला, तिला पुढच्या दिवाळीत त्याच्याशेजारी दुसरा काढता येईल, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीत तिसरा.